कांग यात्से-2 साठी नऊ दिवसांची रजा पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले चार मित्र, वये अडतीस ते चव्वेचाळीस. दर रविवारी सिंहगड, दोनदा रात्रीचा कात्रज ते सिंहगड, आणि चौघांपैकी दोघांनी दार्जिलिंगकडचा संदकफूचा ट्रेक केलेला. येत्या ऑगस्टमध्ये लडाखमधले कांग यात्से-2 हे सुमारे 6,250 मीटर उंचीचे शिखर चढायचे आहे. पुणे ते पुणे नऊ दिवसांची रजा मिळते आहे आणि एका आयोजकाने तेवढ्यात बसणारा कार्यक्रमही पाठवला आहे. आमची तयारी पुरेल का, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यावी का आणि बूट कोणते घ्यावेत, असे तुम्ही विचारले आहे.

गेली सतरा वर्षे मी गढवाल आणि लडाखमध्ये लहान गट घेऊन जातो. या शिखरावर सहा वेळा गेलो, त्यांपैकी चार वेळा माथा गाठला आणि दोन वेळा वाटेतून परतलो. या अनुभवावरून सांगतो की तुमच्या पायांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती आयोजकाच्या कार्यक्रमातल्या रात्रींची. तयारी पुरेशी आहे का, या प्रश्नाचे उत्तर तुम्ही सिंहगड किती मिनिटांत चढता यावर थोडेच अवलंबून आहे. शिखराच्या रात्रीपूर्वी तुम्ही किती रात्री कोणत्या उंचीवर झोपलेले असाल, यावर ते बरेच अवलंबून आहे.

आधी उंचीचा हिशेब मांडू. कळसूबाई 1,646 मीटर. संदकफू 3,636 मीटर, म्हणजे तुमच्यापैकी दोघे आजवर ज्या सर्वांत उंच जागी गेले जवळजवळ तेवढ्याच उंचीवर लेह शहर आहे, आणि उरलेले दोघे विमानातून उतरतील तेव्हाच आयुष्यातल्या सर्वांत उंच जागी असतील. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 65 टक्के असतो, 5,100 मीटरवरच्या बेस कॅम्पला जेमतेम 54 टक्के, आणि माथ्यावर निम्म्याहूनही कमी. बेस कॅम्प ते माथा ही चढाई साधारण 1,150 मीटरची आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढताना आपण सुमारे 600 मीटर चढतो. म्हणजे त्या रात्री तुम्हाला दोन सिंहगड एकावर एक रचून चढायचे आहेत, तेही अंधारात, उणे दहा-पंधरा तापमानात, बर्फावर आणि निम्म्या प्राणवायूवर. सिंहगडावर तासात होणाऱ्या चढाईला तिथे चार-साडेचार तास लागतात. माझ्या नोंदींप्रमाणे बेताच्या गतीचा गट तिथे तासाला 130 ते 150 मीटर चढतो.

आता आयोजकाचा कार्यक्रम पाहू. लेहमध्ये दोन रात्री, तिसऱ्या दिवशी गाडीने मार्खा दरीत आणि रात्री हंकर, चौथ्या रात्री निमालिंग, पाचव्या आणि सहाव्या रात्री बेस कॅम्प, सातव्या पहाटे माथा, आठव्या दिवशी लेह, नवव्या दिवशी विमान. कागदावर हे नीट दिसते. पण हंकर चार हजार मीटरच्या किंचित खाली आहे आणि निमालिंग सुमारे 4,800 वर आहे. झोपण्याची उंची एका दिवसात आठशे मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. हा कार्यक्रम तो नेमका नको त्या ठिकाणी मोडतो. शिवाय त्यात राखीव दिवस एकही नाही. सहाव्या रात्री वारा सुटला, तर मोहीम तिथेच संपली.

विरळ हवेत शरीर काय करते हे समजले की हा दंडक जाचक वाटत नाही. पहिल्या काही तासांतच श्वास वाढतो. श्वास वाढल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालू पाहतो. झोपेत काही सेकंद श्वास थांबून मग दचकून जाग येते ती यामुळेच. पहिल्या रात्री तंबूतला सोबती असा श्वास रोखून पडला की नवखे लोक घाबरतात. मूत्रपिंडे जास्तीचे बायकार्बोनेट बाहेर टाकतात तेव्हा ही ओढाताण निवळते, आणि या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे जातात. व्यायामाने यांतले काहीही वेगाने होत नाही. उलट माझ्या गटांत त्रास झालेल्यांमध्ये मॅरेथॉन धावणारे बरेच होते, कारण ते पहिल्या तीन दिवसांत सगळ्यांच्या पुढे पळाले.

मी स्वतः या शिखरासाठी कार्यक्रम आखतो तो असा. पहिल्या तीन रात्री लेहमध्ये. त्यांतला पहिला दिवस निव्वळ पडून राहण्याचा, पुढच्या दोन दिवसांत शांती स्तूपापर्यंत किंवा आसपासच्या टेकड्यांवर सावकाश फिरणे. चौथ्या रात्री स्क्यू, जे लेहपेक्षा किंचित खालीच आहे आणि तिथे झोप फार चांगली लागते. पाचव्या रात्री मार्खा गाव, सहाव्या रात्री हंकर, सातव्या रात्री साधारण 4,250 मीटरवर थाचुंगत्से, मग निमालिंगला दोन रात्री. निमालिंगची उडी साडेपाचशेची होते, म्हणूनच तिथली दुसरी रात्र मी कधीही गाळत नाही. दुसऱ्या दिवशी तीनशे-चारशे मीटर वर जाऊन, तासभर बसून, पुन्हा खाली झोपायला यायचे. दहाव्या दिवशी बेस कॅम्प, अकराव्या दिवशी बर्फावरचा सराव, त्याच रात्री अकराच्या सुमारास निघून बाराव्या सकाळी माथा. तेरावा दिवस राखीव, चौदाव्या दिवशी कोंगमारू ला ही सुमारे 5,250 मीटरची खिंड ओलांडून चोकदोमार्गे लेह, पंधराव्या दिवशी विमान. पुण्याहून बहुधा दिल्लीमार्गे जावे लागत असल्याने आदली रात्रही धरा. दारापासून दारापर्यंत सोळा दिवस होतात.

यात काटछाट होऊ शकते, पण परिस्थिती पाहून. गाडीरस्ता गेल्या काही वर्षांत मार्खा दरीत आत शिरला आहे. तुम्ही जाल तेव्हा तो कुठपर्यंत पोहोचला आहे ते लेहमध्ये विचारा. गाडीने एक दिवस वाचला, तर तो रजेत जमा न करता हंकरला दुसरी रात्र म्हणून खर्च करावा असे माझे मत आहे. जाण्यापूर्वीच्या महिन्यात चौघांपैकी कोणी चार हजार मीटरच्या वर आठवडाभर राहिलेला असेल, तर त्याच्यापुरता हिशेब थोडा वेगळा होईल. ज्याला पूर्वी कधी उंचीचा गंभीर त्रास झाला आहे, त्याला सोळा दिवसही कमी पडू शकतात. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचे काही असेल, तर त्याचा निर्णय डॉक्टरांनी करायचा आहे, मी नाही.

राखीव दिवसांवर मी एवढा अडून का बसतो, याचे कारण निमालिंगच्या भूगोलात आहे. नकाशावर निमालिंगहून सर्वांत जवळची बाहेर पडण्याची वाट कोंगमारू लाची दिसते आणि बहुतेक कार्यक्रमांत तीच असते. पण त्या वाटेने बाहेर पडायला आधी साडेचारशे मीटर वर चढावे लागते. ज्याला उंचीचाच आजार झाला आहे, त्याला आणखी वर कसे नेणार? त्याच्यासाठी एकच वाट उरते, ती म्हणजे आलो त्या दरीने मागे थाचुंगत्सेला, तिथून हंकरला, आणि पुढे गाडी मिळेल तिथवर. सुटकेची सोपी वाट आजाऱ्याला बंद असते, हे पुण्यात बसून लक्षात येत नाही. मार्खा नदीचाही विचार करावा लागतो. दुपारी वरचे बर्फ वितळून पाणी चढते, सकाळी गुडघ्याला लागणारा प्रवाह चार वाजता कमरेला लागतो, आणि पूल नसेल तिथे दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावे लागते.

मला स्वतःला हा भूगोल एका ऑगस्टमध्ये समजला. गटातले एक गृहस्थ, उत्तम चालणारे, बेस कॅम्पला संध्याकाळी म्हणाले की मला काही झालेले नाही, फक्त भूक नाही. मी वाद घातला नाही, सरावासाठी त्यांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायचे दातेरी साचे, बांधायला सांगितले. त्यांनी पट्टा कडीतून ओवला, बाहेर काढला, पुन्हा त्याच बाजूने ओवला, आणि असे तीन-चार वेळा केले. आदल्या दिवशी निमालिंगला त्यांनीच इतरांना तो पट्टा बांधून दाखवला होता. मग मी जेवणाच्या तंबूत जमिनीवर दोर सरळ टाकला आणि टाचेला पायाचे बोट टेकवत त्यावरून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला ते डावीकडे कलले आणि स्वतःशीच हसले. तोल जाणे आणि साधे काम न सुचणे ही मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण असते, आणि तिथे सकाळची वाट पाहायची नसते. त्याच रात्री एका वाटाड्यासोबत त्यांना दोन्ही बाजूंनी धरत निमालिंगला आणले आणि पहाट होण्याआधी तिथूनही खाली निघालो. थाचुंगत्सेच्या ओढ्याशी पोहोचेपर्यंत ते नीट बोलू लागले होते. हंकरला त्यांनी दोन वाट्या थुक्पा खाल्ला आणि आपल्याला उगाच खाली आणले म्हणून माझ्यावर रुसले. त्या वर्षी घाई मीच केली होती. गटातल्या दोघांच्या रजेसाठी निमालिंगची दुसरी रात्र मी गाळली होती.

याच घटनेतून वाटाड्यांच्या संख्येचा मुद्दा निघतो. चौघांमागे एकच वाटाड्या असेल आणि पहाटे तीन वाजता एकजण थकला, तर दोनच पर्याय राहतात. एकतर सगळ्यांनी परतायचे, नाहीतर त्याला एकट्याला अंधारात खाली पाठवायचे. दुसरा पर्याय मुळीच घेऊ नये, पण माथा दिसत असताना तो घेतला जातो, हे मी पाहिले आहे. म्हणून चौघांसाठी किमान दोन शिकलेले वाटाडे हवेत, आणि बेस कॅम्पला स्वयंपाक्याशिवाय आणखी एक धडधाकट माणूस हवा. आयोजकाला तुम्ही विचारावे ते हेच. शिखराआधी चार हजारांच्या वर किती रात्री आहेत, माणसे किती आहेत, इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची परवानगी कोणाच्या नावाने काढली आहे, प्राणवायूचे सिलिंडर कोणत्या मुक्कामापर्यंत येते, आणि एकाला लवकर परतावे लागले तर घोड्याचा आणि गाडीचा खर्च कोणाकडे. उत्तरे तोंडी न घेता लिहून घ्या. विमा काढलात, तर त्यात उंचीची मर्यादा किती मीटरची घातली आहे तेही वाचा.

आता डायमॉक्स. तिचे औषधी नाव अ‍ॅसिटाझोलामाइड. मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम ती लवकर करून घेते. ती लक्षणे झाकून ठेवते हा समज चुकीचा आहे, ती प्रत्यक्ष जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी प्रौढांना बहुधा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असा प्रघात आहे, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि इतर औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, आणि सोडा किंवा शीतपेय बेचव लागते. थेट विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी ती घेण्यास माझा विरोध नाही. माझ्या गटांत निम्मे लोक घेतात. विरोध आहे तो आठशे मीटरची उडी गोळीच्या भरवशावर मारायला. गोळी घेऊनही त्रास होतो, आणि डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणे, बसल्या जागी धाप किंवा खोकल्यातून फेस यांपैकी काही दिसले, तर उपाय खाली उतरणे हाच असतो; प्राणवायू आणि इतर औषधे उतरेपर्यंतचा वेळ मिळवून देतात. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा मी पाहतो, पण गार पडलेल्या बोटावर तो वाटेल ते दाखवतो. दोराची चाचणी मला अधिक भरवशाची वाटते.

शारीरिक तयारीबद्दल थोडेच लिहितो, कारण सवय तुम्हाला आहेच. चार महिने मिळाले तर दहा किलोची पाठपिशवी घेऊन एका दिवसात सिंहगड आतकरवाडीतून दोनदा चढा-उतरा, आणि वेग एवढाच ठेवा की पूर्ण वेळ गप्पा मारता याव्यात. दुसऱ्या दिवशी कामावर नेहमीसारखे जाता आले तर पाय तयार आहेत असे समजा. उतरण्याचा सराव टाळू नका, माथ्याहून परतताना गुडघेच बोलतात. बर्फाचा अनुभव मात्र सह्याद्रीत मिळत नाही. कांग यात्से-2 चा वरचा उतार चाळीस अंशांच्या आसपास आहे. जुलैत त्यावर बर्फ भरपूर असते आणि पाऊल रुतते, ऑगस्टअखेर कडक निळे बर्फ उघडे पडू लागते आणि तोच उतार बराच अवघड होतो. घसरलात तर बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने, म्हणजे आइस अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणे हे वाचून येत नाही, डोक्याकडून, पोटावर, पाठीवर असे वीस-पंचवीस वेळा पडून येते. उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेचा किंवा दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचा सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम चौघांपैकी एकाने जरी केला, तरी पूर्ण गटाला फरक पडेल. ते शक्य नसेल, तर बेस कॅम्पवरचा सरावाचा दिवस कोणत्याही कारणाने सोडू नका.

परतायची वेळ बेस कॅम्पवरच, जागे आणि शुद्धीत असताना ठरवा. मी सकाळी नऊ धरतो, कारण त्यानंतर उन्हाने वरचे बर्फ भुसभुशीत होते आणि उतरायला अजून चार-पाच तास हवे असतात. एकदा आम्ही माथ्यापासून 180 मीटर खाली होतो, आकाश स्वच्छ होते आणि घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. गटातले दोघे अजूनही त्याबद्दल मला बोलून दाखवतात.

तुमच्याकडे खरोखर नऊच दिवस असतील, तर माझे उत्तर कांग यात्से-2 साठी नाही असे आहे. आणखी एक दिवस मिळाला, तर शिखर वगळून मार्खा दरीचा ट्रेक कोंगमारू लापर्यंत बसतो, आणि निमालिंगला तुमचे शरीर कसे वागते हे पुढच्या वर्षासाठी कळते. शिखरच हवे असेल, तर मनालीजवळचे 5,289 मीटरचे फ्रेंडशिप पीक विचारात घ्या. मनाली दोन हजार मीटरवर असल्याने सुरुवात खालून होते, माथा जवळजवळ हजार मीटरने कमी आहे आणि बर्फावरचे सगळे काम तिथे शिकायला मिळते. मात्र तिकडे पावसाळा असतो, म्हणून ऑगस्टऐवजी मे-जून किंवा सप्टेंबरअखेर जावे लागेल. युनाम हे शिखर सोपे म्हणून कोणी सुचवेल. ते 6,111 मीटरचे आहे आणि पायथ्यापर्यंत गाडी जाते हीच त्याची अडचण आहे, कारण शरीराआधी गाडी वर पोहोचते. स्टोक कांगरीचे नाव जुन्या प्रवासवर्णनांत सारखे भेटेल, पण ते शिखर 2020 पासून गिर्यारोहकांना बंद करण्यात आले.

राहिले बूट. सहा हजारांवर ट्रेकिंगचे नेहमीचे बूट चालत नाहीत. क्रॅम्पॉन घट्ट बसतील असे कडक तळव्याचे, दुहेरी थराचे बूट लागतात आणि ते लेहमध्ये भाड्याने मिळतात. विकत घेऊ नका, पण लेहमधल्या तीन दिवसांतच जाऊन निवडा, शेवटच्या संध्याकाळी उरलेले माप मिळते. जाताना शिखराच्या रात्री घालायचे जाड मोजे सोबत न्या, ते घालून बूट चढवा, दुकानातल्या पायरीवर पुढे झुकून उभे राहा. अंगठा पुढे टेकला तर एक माप मोठे घ्या, कारण उतरताना पाच तास तो तिथेच आपटणार आहे आणि आवळलेल्या बुटात बोटे आधी गारठतात. क्रॅम्पॉनही त्याच दुकानात त्याच बुटावर बसवून, बूट हातात धरून जोरात हलवून पाहा. पाण्याची नळी असलेली पिशवी त्या रात्री नेऊ नका, नळी तासाभरात गोठते. साधी रुंद तोंडाची बाटली मोज्यात गुंडाळून उलटी ठेवा, म्हणजे बर्फ तळाशी धरते आणि झाकण उघडते. आणि चौघांपैकी किमान एकाकडे पोस्टपेड सिम असू द्या, बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत. दरीत बहुतेक ठिकाणी तेही चालणार नाही, पण चोकदोहून लेहला पोहोचल्यावर घरच्यांना पहिला फोन त्याच्यावरूनच होईल.